न्यूट्रल व्हईना

रेल्वेचं फाटक पडलं आणि सगळ्यांनी आपापली वाहनं बंद केली. दिनकररावांची मोटारसायकल तेवढी चालूच राहिली, कारण ती न्यूट्रल होत नव्हती. त्यांनी टाचेनं गेर मागं दाबला, चवड्यानं पुढं दाबला, थोडी रेस देऊन पाहिली, गाडी दोन्ही पायांत धरून पुढं-मागं हलवून पाहिली. मीटरवरचा हिरवा दिवा काही लागेना. गाडी सरळ बंद करून टाकणं हा एक उपाय होता. पण गेरात बंद केलेली ती गाडी परत चालू करताना उडी मारायची, आणि मागच्या सीटवर नर्मदाबाई दोन पिशव्या घेऊन बसल्या होत्या. म्हणून दिनकरराव डाव्या हातानं क्लच आवळून धरून रेल्वेची वाट बघत बसले.

आली ती मालगाडी. मालगाडीला कसली घाई असते? एकेक डबा जणू दिनकररावांची विचारपूस करत पुढं सरकत होता. त्यांची बोटं आधी दुखली, मग बधिर झाली, मग थरथरायला लागली.

"आवो, हात दुखायलाय का?" नर्मदाबाईंनी मागून विचारलं.

"हाताला काय धाड भरलीय? गाडी जुनी झाली, गाडी!"

फाटक उघडलं आणि नेमका त्याच क्षणी हात सुटला. गाडीनं बेडकासारखी एक उडी मारली आणि बंद पडली. मागच्या टमटमवाल्यानं हॉर्नवर ठेवलेला हात काढलाच नाही. "काका, बाजूला घ्या की! का पुढची रेल्वे बी बघून जाणाराव?" असंही कुणीतरी ओरडलं. दिनकररावांनी गाडी ढकलत कडेला नेली. गाडी जुनी झाली, हे ते आल्यागेल्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणत होते. मनात मात्र त्यांची खात्री पटली होती की गाडी आहे तशीच आहे, जुना झाला तो हात.

हात जुना होणं ही त्यांच्या पेडगावात काही मोठी बातमी नव्हती. दिनकररावांचे गुडघे जुने झाले होते, दात जुने झाले होते, त्याबद्दल त्यांची कधी तक्रार नव्हती. पण डाव्या हाताची गोष्ट वेगळी होती. तो गेला तर गाडी जाणार, आणि गाडी गेली तर नर्मदाबाईंचं बोलणं जाणार.

नर्मदाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा घरात सासू, सासरा, आजेसासू, दोन चुलत सासरे असा मोठा कारभार होता. वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायची पद्धत नव्हती. काही सांगायचंच झालं तर नर्मदाबाई भिंतीकडं बघून म्हणायच्या, "कुणीतरी जेवायचं थांबलंय, ताट वाढलंय म्हणावं." भिंतीनं तो निरोप कित्येक वर्षं इमानेइतबारे पोचवला. पुढं वडीलधारे एकेक करून गेले, घरात सून आली, पण सवय काही गेली नाही. आजही घरात नर्मदाबाई नवऱ्याशी बोलत त्या भिंतीमार्फतच. आणि दिनकररावही भिंतीलाच "हं" म्हणत.

पण बाजाराच्या दिवशी मोटारसायकल पेडगावचं शेवटचं घर ओलांडून गेली की मागच्या सीटवर नर्मदाबाईंची जबान सुटायची. मग म्हशीपासून स्वप्नापर्यंत काही राहत नसे. सून राजेश्रीनं वरणात हिंग जास्त घातला, लेक प्रियांकाचा फोनवर आवाज बसल्यासारखा वाटला, कालच्या रात्री स्वप्नात सासूबाई आल्या आणि चक्क चहा मागितला. दिनकरराव नुसते "हं" आणि "मग?" एवढंच म्हणायचे आणि बोलणं अर्धं राहू नये म्हणून गाडी हळू चालवायचे. परभणीचा रस्ता त्यांना एवढा लाडका का आहे, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या खड्ड्यांच्या रस्त्याचं कौतुक करणारा तालुक्यात तो एकच माणूस असेल.

तेव्हा हात दुरुस्त करणं भाग होतं, आणि तेही गुपचूप. फाट्यावरच्या बजरंग मिस्त्रीकडं गाडी नेण्याचा विचार दिनकररावांनी केला आणि लगेच सोडला. बजरंगनं दोन बोटांनी क्लच दाबून "काका, गाडी ठणठणीत हाय, हात दावा डाक्टरला" असं चार माणसांत सांगितलं तर काय करायचं? त्यापेक्षा व्यायाम बरा, असं त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवसापासून घरात चमत्कारिक गोष्टी सुरू झाल्या. दिनकरराव धुण्याच्या चादरी पिळायला बसू लागले, तेही डाव्या हातानं. शेळी डाव्या हातानं पिळू लागले. शेळीनं दोन दिवस सहन केलं आणि तिसऱ्या दिवशी लाथ मारली. मग त्यांनी लिंबांवर मोर्चा वळवला. सकाळी सरबत, दुपारी सरबत, संध्याकाळी वरणात लिंबू, भाजीवर लिंबू. सून राजेश्री काकुळतीला आली.

"मामा, घरातल्या सगळ्यांचे दात आंबलेत. किती लिंबं पिळताव वो?"

"उन्हाचे दिवस हायेत बाई. लिंबू चांगलं असतंय."

"आवो पण आज आभाळ आलंय!"

"मग सर्दीला चांगलं असतंय," असं म्हणून दिनकररावांनी पुढचं लिंबू हातात घेतलं.

इकडं नर्मदाबाईंनीही आपला इलाज सुरू केला होता. फाटकापाशी थरथरणारा तो हात त्यांनी खांद्यावरून पाहिला होता. हात कमजोर झाला असं नवऱ्याला तोंडावर सांगितलं असतं तर त्याच्या मनाला लागलं असतं, आणि घरात सांगायचं तर मधे भिंत होती. त्यांनी विचार केला. दार कुरकुरलं की आपण बिजागरीला तेल घालतो, पाळणा कुरकुरला की कडीला घालतो, शिलाई मशीन जड झालं की त्यालाही घालतो. गाडीनं काय पाप केलं? क्लचच्या मुठीखालून एक तार नळीत जाते हे त्यांनी हेरलं होतं. मिस्त्रीकडच्या काळ्या तेलाला हात लावायची त्यांची इच्छा नव्हती. घरात स्वतःच्या रानातल्या करडीचं, घाण्यावरून काढून आणलेलं पिवळंधमक तेल असताना गाडीला हलकं तेल का घालायचं?

म्हणून रोज सकाळी देवापुढच्या दिव्यात एक पळी आणि ओसरीवरच्या गाडीच्या नळीत एक पळी, असा त्यांचा नेम सुरू झाला. करडीचं तेल उघड्यावर राहिलं की वाळून चिकट होतं, डब्याच्या तोंडाशी त्याचा पिवळा राप चढतो आणि तो सुरीनं खरवडावा लागतो, हे नर्मदाबाईंना माहीत नव्हतं असं नाही. तो राप खरवडण्यात तर त्यांची हयात गेली होती. पण डब्याचं तोंड वेगळं आणि गाडीचं तोंड वेगळं, अशी त्यांची समजूत होती.

झालं असं की तेल नळीत मुरत गेलं, वाळत गेलं आणि तार आतल्या आत चिकटत गेली. क्लच दिवसेंदिवस जड होत चालला. दिनकररावांना वाटे, व्यायाम करावा तितका हात म्हातारा होत चाललाय, म्हणून ते लिंबं वाढवत. क्लच दाबताना त्यांच्या मानेच्या ताणलेल्या शिरा बघून नर्मदाबाईंना वाटे, तेल कमी पडायलंय, म्हणून त्या एकाच्या दोन पळ्या करत. दोघंही एकमेकांना कळू न देता एकमेकांसाठी झिजत होते आणि बिचारी गाडी मधल्यामधे मरत होती.

नळीत न मावलेलं तेल खालच्या टोकानं थेंब थेंब इंजिनावर पडे. गाडी तापली की ते छान तळलं जाई. गावाबाहेर पडलं की दिनकररावांना भूक लागे.

"आगं, कुठंतरी भजे तळायलेत बग."

"मला बी वास यायलाय. पण इथं त कुणाचं हाटेल न्हाई."

"तुरीच्या रानात कोण भजे तळंल?"

वाटेवरच्या गावांतली कुत्री पूर्वी गाडीवर भुंकत अंगावर येत. आता ती शेपटी हलवत, जिभल्या चाटत, शिवेपर्यंत सोबत येऊ लागली. कुत्र्यांनी आपल्याला वय झालेला माणूस म्हणून सोडून दिलं, असा दिनकररावांनी त्याचा अर्थ लावला आणि ते आणखी खचले.

अशातच प्रियांकाच्या मुलाचं जावळ निघालं. प्रियांका वालूरला दिलेली. जावळाला मामाची मांडी लागते, त्यामुळं मुलगा महारुद्र परभणीतलं पाइपांचं दुकान बंद ठेवून राजेश्रीसह सकाळीच जीपनं जायला निघाला.

"दादा, तुमी बी जीपमदीच चला," तो म्हणाला.

"जीपमदी मला मळमळतंय."

नर्मदाबाई भिंतीकडं बघून म्हणाल्या, "ज्यांना मळमळतंय त्येंच्यासंगं कुणीतरी असाया पाहिजे."

भिंतीचं ते म्हणणं कुणालाच खोडता आलं नाही. दोघं मोटारसायकलवर निघाले. नर्मदाबाईंच्या मांडीवर नातवाच्या कपड्यांचं बोचकं होतं. वालूर येईपर्यंत त्या भरभरून बोलल्या. दिनकरराव मात्र आज "मग?" म्हणायलाही धजत नव्हते, त्यांचं सगळं लक्ष डाव्या हाताकडं होतं.

व्याही रामहरी मोठा हौशी माणूस. दारात मांडव होता, वाजंत्री होती, एका कडेला जेवणाच्या वांग्यांचा ढीग पडला होता. मांडवाच्या मधोमध महारुद्र टोपी घालून, भाच्याला मांडीवर घेऊन बसला होता आणि न्हाव्यानं अर्धं डोकं उतरवलं होतं. मोटारसायकलचा आवाज ऐकून रामहरी दोन्ही हात पसरून पुढं आले.

"या या, इवाई! या!"

दिनकररावांनी क्लच दाबला. तो अर्धाच दबला. गाडी थांबेना, न्यूट्रल होईना, नुसती पहिल्या गेरात पुढं पुढं सरकत राहिली. ब्रेक मारून बंद पाडावी तर व्याह्याच्या दारात, शंभर माणसांसमोर बेडूकउडी. तेवढ्यात न्यूट्रल सापडेल या आशेनं दिनकररावांनी हँडल वळवलं आणि रामहरींच्या भोवती एक फेरी घेतली. रामहरी पसरलेले हात तसेच ठेवून जागच्या जागी फिरले.

"या की, उतरा की!"

"उतरायलाव, उतरायलाव," म्हणत दिनकररावांनी दुसरी फेरी सुरू केली.

वाजंत्रीवाल्यांना वाटलं, आजोळच्या मंडळींची ही काहीतरी रीत असावी. त्यांनी एकदम जोरात सुरुवात केली. डफड्यांचा आवाज ऐकून दिनकररावांच्या मुठीनं आणखी रेस दिली. तिसऱ्या फेरीला तेलाचा तळणाचा वास मांडवभर पसरला आणि आचारी आपली कढई बघायला धावला. "दादा! किल्ली! किल्ली बंद करा!" महारुद्र ओरडत होता, पण अर्ध्या जावळावर मामाला उठता येत नाही. नर्मदाबाई एका हातानं बोचकं आणि एका हातानं पदर धरून ताठ बसल्या होत्या. चौथ्या फेरीला किल्लीचं दिनकररावांच्या डोक्यात शिरलं, त्यांनी किल्लीकडं हात नेला, हँडल वाकडं झालं आणि गाडी वांग्यांच्या ढिगात शिरून शांत झाली.

कुणाला काही लागलं नाही, वांगी सोडून. नर्मदाबाई सावकाश उतरल्या, त्यांनी पदर सारखा केला आणि दर वेळी असंच येत असल्यासारखं बोचकं विहिणीच्या हातात दिलं. रामहरी मोठ्या मनाचे. "लय थाटात आलात इवाई, गाव याद ठेवंल," एवढंच म्हणाले. दिनकरराव मात्र मान खाली घालून जेवले. ताटात भाजी वांग्याचीच होती.

गाडी परत आली ती टेम्पोत आडवी पडून. घरी आल्यावर महारुद्रनं निकाल दिला. तो रागावलेला नव्हता, घाबरलेला होता, आणि घाबरलेला मुलगा रागावलेल्या मुलापेक्षाही कमी ऐकून घेतो.

"दादा, बास झालं. पाडव्याला ही गाडी देऊन टाकू आन बिनगेरची स्कुटी आणू. क्लच न्हाई, काय न्हाई, कान पिळला की पळती."

"मग ती चालवीन की मी," दिनकरराव हळूच म्हणाले.

"तुमी न्हाई, मी चालवीन. तुमचा हात राहिला न्हाई आता. तुमाला जायचं तिथं तुमाला सोडीन, आईला जायचं तिथं आईला सोडीन. तुमी निवांत मागं बसायचं."

मागं एकाचीच जागा असते हे त्याच्या लक्षातही आलं नाही, आणि आलं असतं तरी त्यात काय बिघडलं ते त्याला समजलं नसतं. नर्मदाबाई ताटं उचलता उचलता भिंतीकडं वळल्या.

"कुणाला बाजारला जायचं आसंल त्येंनी जावं. मला काय आता बाजार नगं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. भिंतीनं तो निरोप ज्याला पोचवायचा त्याला बरोबर पोचवला.

सकाळी उठून दिनकरराव गाडी धुवायला बसले. लेकीला सासरी पाठवताना न्हाऊ-माखू घालतात, तसं तिला स्वच्छ करून पाठवावं एवढीच त्यांची इच्छा होती. चाकं धुतली, मडगार्ड घासलं, वांग्याचं एक देठ साखळीतून ओढून काढलं. मग क्लचची मूठ साफ करायची म्हणून त्यांनी तारेचं टोक सोडवलं, आणि मूठ एका बोटानं हलली. दिनकरराव बघतच राहिले. त्यांनी करंगळी लावली, करंगळीनंही हलली. म्हणजे जड मूठ नव्हती. त्यांनी तारेचं टोक धरून ओढलं. तार जागची हलेना. खालचं टोकही सोडवलं, नळी दोन्ही पायांत धरली आणि लिंबांनी कमावलेल्या त्या डाव्या हातानं असा हिसका दिला की तार सरसर बाहेर आली. तिच्यावर पिवळा, चिकट, नखात भरणारा राप होता. त्यांनी वास घेतला. मग जिभेला लावून पाहिला.

करडी! जन्मभर जी पेरली, काढली, खाल्ली, ती जीभ कशी विसरेल? त्या दगडासारख्या क्लचला आपण इतके दिवस दाबत होतो, म्हणजे आपला हात म्हातारा नव्हताच. पहिलवानाचा हात होता तो! आनंदानं त्यांना काय करू आणि काय नको असं झालं.

"महारुद्र! ये महारुद्र!" त्यांनी जोरात हाक मारली आणि हात धुवायला पलीकडं हौदामागं गेले. नीट हात धुऊन, घरच्यांसमोर पुरावा दाखवून, एकेकाची खोड मोडायची असा त्यांचा बेत होता.

ते हौदामागून वळणार तोच ओसरीवर नर्मदाबाई आल्या. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं. पदराखालून पळी काढली. तार बाहेर लोंबताना बघून त्या जरा गोंधळल्या, पण मग त्यांनी नळीच्या उघड्या तोंडात जपून, धार न सांडता, तेल ओतलं.

"आता तुलाच काढायलेत बाई," त्या गाडीला म्हणाल्या. "ह्ये शेवटचं पिऊन घे. लय पाजलं तुला, पण तुला दया आली न्हाई. त्येंचा हात किती दुखतोय ते म्या मागून बगत व्हते. कुणाला सांगू? तुलाच सांगत व्हते."

दिनकरराव हौदामागं जागीच थांबले. तोंडातली करडीची चव त्यांना एकदम गोड लागायला लागली आणि डोळे भरून आले. एवढ्यात महारुद्र दात घासत बाहेर आला. नर्मदाबाईंनी पळी पदरात लपवली.

"काय म्हणलात दादा?"

दिनकररावांपाशी पुरावा होता. एक वाक्य बोललं की हात निर्दोष सुटणार होता. पण ते वाक्य बोललं की सुनेसमोर, मुलासमोर, उद्या अख्ख्या वालूरसमोर नर्मदाबाईंचं हसं होणार होतं. वांग्यांपासून टेम्पोपर्यंत सगळं त्यांच्या पदरी पडणार होतं.

"काय न्हाई," ते म्हणाले. "आंगोळीला पाणी ठीव म्हणलं."

महारुद्र आत गेला, पाठोपाठ नर्मदाबाईही गेल्या, आणि दिनकररावांनी गाडी ढकलत फाट्यावर बजरंगच्या दुकानात नेली. तिथं चहा पीत बसलेली चार माणसं होतीच. बजरंगनं नळी हातात घेतली, हुंगली, परत हुंगली.

"काका, ह्येच्यात खायचं तेल कुणी घातलं?"

"म्या," दिनकरराव म्हणाले.

"कामून?"

"सस्तं पडतंय."

"मग मोहरी-जिरं बी टाकायचं की! फोडणी कामून अर्धी ठिवली?"

चारही माणसं चहा सांडेपर्यंत हसली. दिनकररावही हसले. बजरंगनं नवी केबल घातली. "दाबून बगा," तो म्हणाला. दिनकररावांनी सवयीप्रमाणं सगळा जीव लावून मूठ आवळली, तसा बजरंग ओरडला, "काका, हळू! मोडसाल! कोणती तालीम करताव वो ह्या वयात?" त्या एका वाक्यासाठी दिनकररावांनी त्याला चहा पाजला.

घरी महारुद्रनं स्वतः गाडी चालवून पाहिली. गेर लोण्यातून सुरी जावी तसे पडत होते आणि हिरवा दिवा टाचेच्या स्पर्शासरशी लागत होता.

"मग झालं काय व्हतं दादा?"

"म्याच केबलमदी करडीचं तेल घालत व्हतो. ते वाळून बसलं. हात दुरुस्त हाय, डोकं जरा कमी पडलं."

महारुद्र आधी बघत राहिला, मग हसत सुटला. राजेश्री तर ओसरीवर बसलीच. "तरीच तेलाचा डबा लवकर सरायलाय! आन मामा, लिंबं बी गाडीलाच घालत व्हता का?" पाडव्याची स्कुटी हसण्यावारी रद्द झाली. दार धरून नर्मदाबाई उभ्या होत्या. त्या हसत नव्हत्या. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं, आणि घरातल्या माणसांसमोर एवढा वेळ त्यांनी त्याच्याकडं कधी पाहिलं नव्हतं.

पुढचे दिवस त्यांचे कसे गेले ते त्यांनाच ठाऊक. भाकरी करपल्या, दुधात दोनदा मीठ पडलं. जे बोलायचं होतं ते भिंतीला सांगण्यासारखं नव्हतं. बाजाराच्या दिवशी त्या सगळ्यांच्या आधी पिशव्या घेऊन दारात उभ्या राहिल्या. पण शेवटचं घर मागं पडलं, फाटा गेला, परभणी आली, तरी मागून एक शब्द आला नाही. दिनकररावांचा जीव खालीवर होत होता. बाजारातसुद्धा त्या कांद्यावाल्याशी बोलल्या, नवऱ्याशी नाही. परतीच्या वाटेवर अर्धा रस्ता सरल्यावर कुठं पाठीमागून आवाज आला.

"तुमी कवा घातलं वो तेल?"

"घातलं आसंल कवातरी."

"झूट नगा बोलू. म्या घातलं ते. रोज दोन पळ्या."

"बरं मग?"

"मग काय? सगळ्यांम्होरं तुमी येडे ठरलाव. फाट्यावर लोकं हसायलेत. म्या आज महारुद्रला खरं सांगते."

"नगं सांगू."

"कामून?"

दिनकररावांनी गाडी आणखी हळू केली. पाठमोरं असल्यामुळं त्यांना धीर आला. "माह्या हातासाठी एवढं कुणी केलं न्हाई आजवर. ते त्या पोरांला हसायला कामून देऊ?"

मागून बराच वेळ नाक ओढल्याचा आवाज येत राहिला. मग नर्मदाबाईंनी, भर रस्त्यात, दिवसाढवळ्या, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. आणि जे बोलणं सुरू झालं ते गाडीच्या आवाजावरही चढलं. लग्नानंतरच्या पहिल्या साली दिनकरराव बापाच्या डोळ्याच्या आपरेशनला नांदेडला जाऊन राहिले होते. कधी येणार ते कुणाला विचारायची सोय नव्हती. सासूला विचारावं तर लाज, भिंतीला विचारावं तर तिलाही माहीत नाही.

"मग म्या गोठ्यात गेले," नर्मदाबाई म्हणाल्या. "आपला तो पांढरा बैल व्हता न्हवं, त्येला इचारलं. म्हणलं, कवा यायलेत रं तुजे मालक? लय करमंना बग."

दिनकररावांना हे आज कळत होतं. ऐकताना त्यांना रस्ता दिसेनासा झाला.

"मग? बैल काय म्हणला?"

पण तेवढ्यात पेडगावचं पहिलं घर लागलं आणि सवयीनं नर्मदाबाईंचं बोलणं तुटलं. खांद्यावरचा हातही निघाला. समोर घर होतं. ओसरीवर महारुद्र आणि राजेश्री पिशव्या घ्यायला उभे होते. दिनकररावांनी गाडी हळू केली, क्लच दाबला, अगदी अलगद दबला. टाच लावली असती तर हिरवा दिवा लागला असता. त्यांनी टाच लावली नाही.

"दादा, ओ दादा! कुठं निघालाव?" महारुद्र पायऱ्या उतरून धावला.

"आरं, न्यूट्रल व्हईना!" दिनकरराव ओरडले आणि दारावरून तसेच पुढं गेले.

"परत बिघडली वाटतं," महारुद्र हवालदिल होऊन म्हणाला. राजेश्रीनं लांब जाणाऱ्या गाडीकडं नीट पाहिलं आणि त्याला हाताला धरून मागं ओढलं. "पळू नगा पाठीमागं. चालू द्या त्येंचं," ती म्हणाली.

गावाच्या दुसऱ्या टोकाचं शेवटचं घर मागं पडलं. पुढं मोकळा रस्ता आणि दोन्ही बाजूंना तुरी. दिनकररावांनी गाडी अगदी चालीवर आणली आणि मान थोडी मागं वळवली.

"हं, सांग. बैल काय म्हणला?"

नर्मदाबाईंनी पिशव्या मांडीवर नीट ठेवल्या, त्यांच्या खांद्यावर पुन्हा हात ठेवला आणि बैल काय म्हणाला ते सविस्तर सांगायला सुरुवात केली.